‘त्याचं वकीलपत्र कोणी घेऊ नये’

रोजनामा

गेल्या महिन्यात पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते. जेवताना व्याह्यांकडच्या एका काकांनी मठ्ठ्याचा पेला पुढे करत विचारलं, “ताई, तुम्ही म्हणे खुन्यांच्या केसेस घेता?” मी नेहमीसारखं हसून “घेते की, तुमची आहे का एखादी?” म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाटलं, की तेवीस वर्षं मी ही वेळ मारूनच नेतेय. म्हणून हा धागा.

जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणाऱ्यांनी ओळखावं आणि गप्प बसावं.

आधी कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक फार वाईट गुन्हा घडला. तपशील देत नाही, लेकराचा विषय होता. दोन जणांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये ठराव मांडला गेला : या आरोपींचं वकीलपत्र आमच्यापैकी कोणीही घेऊ नये. एकमताने मंजूर. त्या एकमतात माझाही हात वर होता. बाहेर मोर्चा होता, डोकं तापलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर हात खाली ठेवायची हिंमत नव्हती.

पहिल्या तीन तारखांना ते दोघे वकिलाशिवाय उभे होते. मी दुसऱ्या कामासाठी त्याच कोर्टात बसले होते, म्हणून पाहिलं. सरकारी वकील उठले, रिमांड रिपोर्ट वाचला, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मागितली. न्यायाधीशसाहेबांनी आरोपींना विचारलं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार? काही सांगायचंय?” दोघांनी माना हलवल्या. नाही. तोंडावर बुरखे, मागे चार पोलीस, बाहेर घोषणा. अशा वेळी कोण काय सांगणार? पोलीस कोठडी मंजूर. सगळं मिळून चार मिनिटं.

पुढे मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमणुकीचं पत्र आलं ते नेमकं माझ्या नावाने. घेतलं. बार रूममध्ये माझ्या टेबलावर आठ दिवस कोणी डबा उघडला नाही. केस चालली तेव्हा कळलं, की दोन नंबरच्या आरोपीने फक्त मोटरसायकल दिली होती, तीही ‘सासुरवाडीला जायचंय’ असं सांगितल्यावर. मोबाइलचं लोकेशन, पेट्रोल पंपावरचं चित्रीकरण, सगळं पोलिसांच्याच कागदांत होतं. कोणी विचारलं नव्हतं इतकंच. एक नंबरला शिक्षा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. दोन नंबर निर्दोष सुटला, पण तोवर एकोणीस महिने आत होता.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. ते न्यायाधीश सज्जन होते. त्यांना कोणाचा फोन आला नव्हता, मंत्र्याचा नाही की संत्र्याचा नाही. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे शंभर टक्के स्वतंत्र. तरी त्या तीन तारखांना त्यांच्यासमोर एकच फाइल होती, पोलिसांची. मग त्यांनी ठरवायचं ते कशा-कशातून? आपण न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य म्हटलं की दिल्लीकडे बघतो. मला ते आमच्या कोर्टातल्या त्या रिकाम्या खुर्चीत दिसतं. चर्चा करावी म्हणून लिहिलंय. शिव्या घालायच्या असतील तर त्याही चालतील, सवय आहे.

.

स्पष्टवक्ता_७२

शिव्या नाही, पण स्पष्ट बोलतो. दोन नंबर निर्दोष होता हे तुम्हाला नंतर कळलं. एक नंबरसाठीही तुम्ही तेवढ्याच तावातावाने भांडलात ना? शेकडो लोकांनी पाहिलेल्या गुन्ह्यातही वकील द्यायचा, आमच्या पैशाने. कसाबला चार वर्षं बिर्याणी खायला घातली, हे जगात फक्त आपल्याकडेच होतं. हैदराबादला आरोपींना पोलिसांनी चकमकीत उडवलं तसं करायला हवं. विषय संपला.

.

हिंगाचा_खडा

बिर्याणीचं राहू द्या. ती बिर्याणी कधी शिजलीच नव्हती. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की कसाबबद्दल लोकांत सहानुभूतीची लाट येते आहे असं वाटलं म्हणून ती गोष्ट आपण रचली होती.

.

रोजनामा

@स्पष्टवक्ता_७२, हो, एक नंबरसाठीही भांडले. पंचांची उलटतपासणी घेतली, डॉक्टरांची घेतली. काही टिकलं नाही, शिक्षा झाली. आता अपिलात ती शिक्षा हलणं कठीण, कारण जे विचारायचं ते सगळं विचारून झालंय. वकील न देता दिलेली शिक्षा वरच्या कोर्टात पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडते आणि सगळं पहिल्यापासून. ज्यांना खरंच शिक्षा हवी असते त्यांनी तर आरोपीला चांगला वकील मिळावा म्हणून नवस करायला हवा.

कसाबचं उदाहरण काढलंत ते बरं झालं. त्याची केस आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात एम. एल. ताहिलियानी यांच्यासमोर चालली. मुंबईतले वकील संघ घ्यायला तयार नव्हते. २००९ मध्ये अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली, तर त्यांच्या घरावर जमाव गेला, दगड पडले. पुढे त्या हल्ल्यातल्या एका पीडित साक्षीदाराचंही काम त्यांच्याकडे असल्याचं निघालं आणि न्यायाधीशांनी त्यांना बाजूला केलं. मग अब्बास काझमी, त्यांनाही दूर केल्यावर के. पी. पवार. उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन. फाशी कायम झाली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी झाली.

पण त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघेही भारतीय. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. आरोप असा, की फहीमने हाताने काढलेला मुंबईतल्या ठिकाणांचा नकाशा सबाउद्दीनमार्फत सीमेपलीकडे गेला आणि तो गिरगाव चौपाटीवर मेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला. बचावाचा मुद्दा साधा होता : पँट रक्ताने भिजलेली, मग खिशातला कागद कोरा करकरीत कसा? ताहिलियानींनी ३ मे २०१० ला दोघांनाही निर्दोष सोडलं. २६/११ च्या खटल्यात, त्या वातावरणात, मुंबईत बसून. ते निर्दोषत्व पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकलं. मला विचाराल तर न्यायाधीशाचं स्वातंत्र्य कसाबला फाशी देण्यात दिसलं नाही. ती कोणीही दिली असती. ते या दोघांना सोडण्यात दिसलं.

फहीमचे वकील शाहिद आझमी तो निकाल ऐकायला नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात घुसून त्यांना गोळ्या घातल्या. वय ३२.

हैदराबादबद्दल : २०१९ च्या त्या चकमकीची चौकशी आपल्याच नागपूरच्या माजी न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकरांच्या आयोगाने केली. २०२२ मध्ये अहवाल आला. चकमकीची पोलिसांनी सांगितलेली हकिकत विश्वासार्ह नाही, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या, आणि मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असं त्यात आहे. विषय तेव्हाही संपला नव्हता.

.

जुनी_पेटी

रोजनामाताई, छान धागा. फक्त वकील आणि न्यायाधीश या दोन वेगळ्या जाती असल्यासारखं सगळे बोलतायत म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

१८९७. टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारलेला. उच्च न्यायालयात जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर दिनशा दावर, समोर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. दावरांचं म्हणणं असं, की आरोपीला आपल्या बचावाची तयारी करता आली पाहिजे, त्यासाठी तो बाहेर हवा. तय्यबजींनी जामीन दिला. सरकारला आवडेल की नाही हा विचार न करता.

१९०८. पुन्हा टिळक, पुन्हा राजद्रोह. आता जामिनासाठी उभे तरुण बॅरिस्टर जिना, आणि समोर न्यायमूर्ती म्हणून बसलेले तेच दिनशा दावर! जिनांनी त्यांच्यापुढे त्यांचेच अकरा वर्षांपूर्वीचे मुद्दे ठेवले म्हणतात. अर्ज फेटाळला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे : ज्यूरीत ७ विरुद्ध २, सहा वर्षं काळं पाणी, मंडाले. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. शेवटी ते जे बोलले ती वाक्यं आज त्याच दालनाबाहेर संगमरवरात कोरलेली आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी ती पाटी उघडली. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच भिंतीवर आरोपीचं भाषण लावलं, असं दुसरीकडे कुठे असेल तर सांगा.

१९१६ मध्ये तिसऱ्यांदा सरकारने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेतला, वीस हजारांचा. जिनाच उभे राहिले आणि न्यायमूर्ती बॅचलर व शाह यांनी तो हुकूम रद्द केला. माणूस तोच, वकील तोच, सरकार तेच. खुर्चीत कोण बसलंय त्यावर सगळं फिरलं.

.

हिंगाचा_खडा

@जुनी_पेटी भारी. म्हणजे दावरसाहेबांना मुद्दा माहीत नव्हता असं म्हणायचीही सोय नाही!

अवांतर : आता कोणीतरी येऊन रामशास्त्री प्रभुणे काढेलच.

.

चहा_बिस्कीट

काढतोच. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर ‘देहान्त प्रायश्चित्त’ सांगणारा न्यायाधीश आमच्याकडे १७७३ नंतर झाला नाही. कारण आता न्यायाधीश नेमतो कोण? कॉलेजियम. म्हणजे न्यायाधीशच न्यायाधीशांना नेमणार. संसदेने एकमुखाने केलेला नियुक्ती आयोगाचा कायदा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या पाच जणांनी ४ विरुद्ध १ ने उडवला. मूळ रोग तिथे आहे, बचावाचे वकील वगैरे फांद्या आहेत.

.

जुनी_पेटी

रामशास्त्रींनाही निकाल सांगून पुणं सोडून गावी जाऊन बसावं लागलं. पुढे कारभारी मंडळींनी सन्मानाने परत बोलावलं ते राघोबा बाजूला पडल्यावर. तेव्हा ‘बाणेदार’ म्हणताना तेही लक्षात असू द्यावं.

.

रोजनामा

@चहा_बिस्कीट, कॉलेजियमवर स्वतंत्र धागा काढा, मी नक्की येऊन भांडेन. पण माझा अशील ज्यांच्यासमोर उभा राहतो त्या मॅजिस्ट्रेटना आणि सत्र न्यायाधीशांना कॉलेजियम नेमत नाही. त्यांच्या परीक्षा होतात, नेमणूक राज्यपालांच्या नावाने, आणि बदली, बढती, गोपनीय अहवाल सगळं उच्च न्यायालयाच्या हातात. त्यांच्यावरचा दाब दिल्लीतून येत नाही. तो येतो स्थानिक पेपरच्या पहिल्या पानावरून. ‘अवघ्या दहा दिवसांत आरोपीला जामीन’ असा मथळा आला की दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुजबुज सुरू होते. चंद्रचूडसाहेब सरन्यायाधीश असताना २०२२ मध्ये हेच बोलले होते : खालचे न्यायाधीश गंभीर गुन्ह्यांत जामीन द्यायला कचरतात ते गुन्हा कळत नाही म्हणून नाही, आपल्याला लक्ष्य केलं जाईल या भीतीने.

या भीतीचा हिशेब तुरुंगात लागतो. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले जवळपास ७६ टक्के कच्चे. म्हणजे दर चारांतल्या तिघांवर अजून गुन्हाच सिद्ध झालेला नाही.

मी पाहिलेलं सांगते. जामीन अर्जावर वकिलाने नीट मुद्दे मांडले, निवाडे जोडले, आणि साहेबांनी आदेशात ते लिहिले, की त्यांनाही आधार मिळतो. ‘मी मनाने सोडलं नाही, हे मुद्दे समोर आले, त्यांना सरकार पक्षाकडे उत्तर नव्हतं’ असं कागद बोलतो. वकीलच नसेल तर सोडण्याची सगळी जबाबदारी एकट्या न्यायाधीशाच्या डोक्यावर. एवढं धैर्य रोज अकरा ते साडेपाच कोण दाखवणार?

.

कच्चा_लिंबू

ताई, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला फौजदारीच करायचं आहे, आई म्हणते नोटरी हो, कुणाच्या शिव्या नाहीत. तीन प्रश्न :
बार असोसिएशनचा असा ठराव कायद्याने चालतो का?
आरोपीने स्वतः ‘हो, मीच केलं’ असं सांगितलं तर काय करायचं?
आणि विधी सेवेच्या कामात पोट भरतं का? (हा आईचा आहे.)

.

रोजनामा

आईला नमस्कार सांग, सगळ्यात खरा प्रश्न तिचाच आहे.

ठराव चालत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या प्रकरणात असे सगळे ठराव रद्दबातल ठरवले. न्यायमूर्ती काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा. गंमत म्हणजे ते प्रकरण दहशतवाद्याचं नव्हतंच. कोइमतूरला वकील आणि पोलिसांत मारामारी झाली, आणि तिथल्या वकिलांनी ठराव केला की आरोपी *पोलिसांची* बाजू कोणी मांडू नये. म्हणजे आज पोलिसांसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ही रिकामी खुर्ची कोणाच्याही वाट्याला येते. घटनेच्या कलम २२(१) मध्ये आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचावाचा हक्क आहे, आणि बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याने बचाव करावा. २०१० नंतरही ठराव होतच राहिले, हे आमच्या धंद्याचं नाक कापणारं आहे. आमचा ठराव २०१० नंतरचाच. निवाडा मला तेव्हाही माहीत होता.

दुसरा प्रश्न. तुला त्याने सांगितलेलं तुझ्या पोटात राहतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६, आता साक्ष अधिनियमाचं १३२. पण त्याने तसं सांगितल्यावर ‘दुसऱ्यानेच केलं’ अशी खोटी गोष्ट रचून साक्षीदार उभा करायचा नाही. पुरावा तपासायचा, सरकार पक्षाला सिद्ध करायला लावायचं, शिक्षेच्या प्रमाणावर बोलायचं. फसवणूक आणि बचाव यांच्यामध्ये रेघ आहे. ती ओलांडणारे आमच्यात आहेत, नाही म्हणणार नाही.

याच पोटातल्या गोष्टींवरून २०२५ मध्ये मोठं प्रकरण झालं. अशिलाला दिलेल्या सल्ल्याबद्दल ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढलं. देशभर ओरड झाल्यावर मागे घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबरला सरन्यायाधीश गवईंच्या पीठाने सांगितलं, की कायद्यातले अपवाद सोडून तपास अधिकाऱ्याला वकिलाला असं बोलावता येणार नाही, आणि अपवादात बोलवायचं तरी वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी हवी. उद्या बोलावतील या भीतीने वकील तोंडच उघडणार नसेल तर कोर्टात पोहोचणार काय?

पोट : आधी पॅनेलवरच्या वकिलांना केसमागे जे मिळायचं ते ऐकून माझा मुलगा हसायचा. २०२२ पासून लोक अभिरक्षक नावाची योजना आली, त्यात पगारी वकील नेमतात, पूर्ण वेळ तेच काम. आमच्याकडे त्या ऑफिसात तीन पोरं आहेत, तुझ्याच वयाची. खूप काम करतात. अटकेतल्या कोणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो हे मात्र अजून निम्म्या गावाला माहीत नाही.

.

टेम्सकाठचा_गोट्या

इंग्लंडमधून. इथे बॅरिस्टरांना ‘टॅक्सीच्या रांगेचा’ नियम आहे, पुढचं गिऱ्हाईक कोण याची निवड नाही, रिकामे असाल तर घ्यायचं. त्याचे पूर्वज थॉमस अर्स्किन. १७९२ मध्ये त्यांनी राजद्रोहाच्या खटल्यात थॉमस पेनची बाजू घेतली आणि युवराजाकडची वकिलीची मोठी जागा गमावली. हे सगळं इथे अभिमानाने सांगतात. पण २०२२ मध्ये याच देशातले फौजदारी बॅरिस्टर फी परवडत नाही म्हणून संपावर गेले. महिनोन्‌महिने खटले खोळंबले. नियम कितीही उदात्त असला तरी टॅक्सीत पेट्रोल लागतं.

.

हिंगाचा_खडा

सीमेपलीकडचंही एक. मुलतानचे वकील राशिद रहमान. ईश्वरनिंदेच्या आरोपातल्या एका तरुण प्राध्यापकाची केस कोणी घेत नव्हतं, यांनी घेतली. भर सुनावणीत, न्यायाधीशासमोर, त्यांना धमकी दिली गेली : पुढच्या तारखेला तुम्ही नसाल. न्यायाधीश गप्प. ७ मे २०१४ ला त्यांना ऑफिसात गोळ्या घातल्या. आणि पंजाबच्या गव्हर्नरच्या खुन्याला २०११ मध्ये फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशाला देश सोडून जावं लागलं. वकिलाला धमकी मिळताना जो न्यायाधीश खाली बघतो, त्याची पाळी यायला वेळ लागत नाही.

.

स्पष्टवक्ता_७२

पाकिस्तानशी तुलना नको. आपल्याकडचं बोला. ७/११ च्या, म्हणजे २००६ च्या मुंबई लोकलमधल्या बॉम्बस्फोटांत १८० हून जास्त माणसं गेली. माझ्या ऑफिसातला एक जण त्या विरारच्या गाडीत होता. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराच्या बारा सोडले. मग केलं कोणी? या वकिलांनी कधी त्याचं उत्तर दिलं का?

.

रोजनामा

त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण ‘मग केलं कोणी’ हा प्रश्न वकिलाला नाही, तपास यंत्रणेला विचारायचा. बारा माणसं, त्यातल्या पाच जणांना २०१५ मध्ये फाशी. न्यायमूर्ती किलोर आणि चांडक यांनी कबुलीजबाब, ओळख परेड, स्फोटकांची जप्ती, एकेक तपासून सांगितलं की गुन्हा सिद्ध झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत त्या निकालाचा दाखला म्हणून वापर थांबवला, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. अपील चालू आहे, तिथे जे व्हायचं ते होईल. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगाव २००८ च्या खटल्यातले सातही जण विशेष न्यायालयाने सोडले. तिथे आणि इथे टाळ्या वाजवणारे वेगवेगळे होते. कायदा तोच होता, की संशय कितीही दाट असला तरी पुराव्याची जागा घेत नाही.

आणि जुनी_पेटीकाकांच्या दावरांना जोड सांगते. ७/११ च्या अपिलात आरोपींकडून उभ्या राहिलेल्यांत एस. मुरलीधर होते, ओडिशा उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती. दिल्लीत न्यायमूर्ती असताना २०२० च्या दंगलीबद्दल पोलिसांना त्यांनी धारेवर धरलं आणि त्याच रात्री त्यांच्या बदलीची अधिसूचना निघाली. सरकार म्हणालं, शिफारस कॉलेजियमने आधीच केली होती, आणि ती केली होती हेही खरं. पण रात्रीचा मुहूर्त सगळ्यांच्या लक्षात राहिला. दावर वकिलाचे न्यायाधीश झाले आणि आपलाच मुद्दा विसरले. हे न्यायाधीशाचे पुन्हा वकील झाले.

अजून एक, कारण ते कोणाला आठवत नाही. २००३ चं महाराष्ट्रातलं प्रकरण, पाच खून आणि बलात्कार. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला. २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई दिली. का? वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून सुरुवातीलाच *दुसरी चार माणसं* ओळखली होती. तो कागद सोळा वर्षं रेकॉर्डवर पडून होता. तीन कोर्टं, सगळी स्वतंत्र.

.

कोरडवाहू

इथे पहिल्यांदाच लिहितोय. तुमचं सगळं वाचलं. तुम्ही चांगल्या दिसता म्हणून विचारतो.

माझे वडील बांधाच्या वादात गेले. कोयत्याने. मी तेव्हा अकरावीला होतो, रानात होतो, पळत गेलो तर ते बोलत नव्हते. केस नऊ वर्षं चालली. माझी साक्ष झाली तेव्हा आरोपीच्या वकिलाने मला विचारलं, कोयता उजव्या हातात होता का डाव्या, ऊन कुठून येत होतं, तू किती पावलांवर होतास. मी चुकलो. पावलं कोण मोजतं? तो हसला. पंच फितूर झाला. सगळे सुटले, आजही बांधावरून जातात.

दुपारच्या सुट्टीत मी बाहेर आलो तर तो वकील आणि आमचा सरकारी वकील एकाच टपरीवर चहा पीत होते. एकमेकांच्या पाठीवर हात. ते मला अजून दिसतं. तुमची रिकामी खुर्ची मला समजली ताई. पण त्या कोर्टात आमची खुर्ची कुठं होती?

.

चहा_बिस्कीट

…

दादा, काय बोलू. वाचून गप्प झालो.

.

रोजनामा

कोरडवाहू, कालपासून तीनदा लिहिलं आणि खोडलं.

ती पावलं मीही विचारते. लोकांना विचारलेली आहेत. ऊन कुठून येत होतं हेही. विचारावंच लागतं, कारण कधीकधी साक्षीदार खरंच तिथे नसतो. पण अकरावीतल्या पोराकडे बघून हसायचं काही कारण नव्हतं. तो बचाव नव्हता. आणि चहा तर मीही पिते सरकारी वकिलांबरोबर, रोज. त्यात काही काळंबेरं नसतं, वर्षानुवर्षं एका छताखाली काम करणारी माणसं असतात. पण बाहेर उभ्या राहिलेल्या पोराला तो कसा दिसत असेल, हा विचार मी तुमचं वाचेपर्यंत केला नव्हता.

तुमची खुर्ची कायद्यात आहे, पण कोणी दाखवत नाही. फिर्यादी पक्षाला स्वतःचा वकील देऊन सरकारी वकिलाला मदत करता येते. आणि २००९ च्या अखेरीपासून पीडिताला, म्हणजे मयताच्या वारसालाही, निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७२, नव्या संहितेत ४१३. सरकारने अपील केलं नाही तरी. निकाल कधी लागला? सरकारने अपील केलं होतं का?

.

कोरडवाहू

निकाल २०२१. सरकारी वकील म्हणाले संपलं आता, घरी जा, शेती बघा. असं काही असतं हे आज कळतंय. आता उशीर झाला असेल ना?

.

रोजनामा

उशीर झालाय, खोटं सांगणार नाही. उशीर माफ करावा असा अर्ज जोडावा लागेल, प्रत्येक वर्षाचं कारण द्यावं लागेल, आणि कोर्ट नाही म्हणू शकतं. ‘कोणी सांगितलंच नाही’ हे कारण पुरेल की नाही, ते कागद बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. तुमच्या साक्षीची आणि निकालाची नक्कल काढा, नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो, केस नंबर हवा. नसेल तर वडिलांचं नाव आणि निकालाचं वर्ष सांगितलं तरी शोधून देतात, जरा मागे लागावं लागतं.

मी तुमच्या बाजूने उभी राहू शकेन की नाही तेही आरोपींची नावं बघूनच सांगता येईल. आमचा जिल्हा लहान आहे. माझ्या जुन्या अशिलांपैकी कोणी असेल तर दुसरं चांगलं नाव देईन. नावं इथे लिहू नका. व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

.

कोरडवाहू

व्यनि मिळाला. सोमवारी तालुक्याला जातो.